हुंकार देणारं माणूस

"आई, हा मोजणीचा कोड तू साइटवर दोनदा टाकलायस."

एका पायात बूट आणि दुसरा पाय उघडाच, अशा अवस्थेत ईश्वरी डायनिंग टेबलावरच्या लॅपटॉपवर वाकली होती. लुसैलच्या ऑफिसात तिची मीटिंग होती आणि ट्रॅम पकडायची होती. नीता हातात ताम्हण घेऊन देवघराच्या दाराशी उभी होती.

"पहिल्यांदा टाकला तेव्हा काही दिसेचना. दिवसभर बघत बसले. म्हटलं, नीट बसला नसेल. म्हणून पुन्हा टाकला, जरा खाली."

"अगं, पहिला रिपोर्ट यायला एक दिवस लागतोच. थांबायचं ना! आता एकदा पान उघडलं तरी दोनदा मोजतंय."

"म्हणजे ते रोजचे दोन..."

"दोन नाहीत, एकच. आणि तो एक..." ईश्वरी आईकडे पाहून जराशी घुटमळली. "अपलोड केल्यावर तू उघडून बघतेस ना, नीट वाजतंय का ते?"

"बघते की."

"मग झालं. तो एक म्हणजे तूच."

तिनं खालचा कोड पुसला, आपल्या घरचं इंटरनेट मोजू नये अशी सोय केली, दुसरा बूट चढवला आणि "बाय आई, डोन्ट फील बॅड" म्हणत निघून गेली. नीता ताम्हण घेऊन तशीच उभी राहिली. निरांजन केव्हा विझलं ते तिला कळलं नाही.

श्रावणात रोज पूजा झाली की त्या त्या वाराची कहाणी सांगायची, हा नीताचा वसा होता. सासूबाईंनी नाशिकहून कतारला निघताना तो ओटीत घातला होता. वशाची अट एकच. कहाणी भिंतीला सांगायची नाही. ऐकणारं माणूस समोर हवं, त्याच्या मुठीत तांदळाचे दाणे हवेत आणि त्यानं हुंकार द्यायला हवा. हुंकाराशिवाय कहाणी पोचत नाही, असं सासूबाई म्हणत.

तेव्हा दोह्यात नवरा, राजाभाऊ, पहाटेच प्लँटवर जात, लहानगी ईश्वरी शाळेत. हुंकाराला माणूस कुठून आणायचं? मग एका सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या जैतूनभाभी मिक्सरचं भांडं मागायला आल्या. रत्नागिरीच्या. नीतानं भीतभीत विचारलं, "भाभी, थोडा वेळ बसता का? नुसतं हुं म्हणायचं."

"गोष्ट सांगतंस? मंग बसतंय की. घोव दुकानात, पोर शालंत. मना कोण सांगतंय गोष्टी!"

त्या बसल्या, त्या पुढचे कितीतरी श्रावण बसत राहिल्या. नीताच्या मुठीत कुंकवाच्या अक्षता असत आणि भाभींसाठी वाटीत वेगळे कोरे तांदूळ. हे दोघींत कधी बोलून ठरलं नव्हतं. कहाणी संपली की भाभी आपले दाणे खिडकीबाहेर चिमण्यांना टाकत आणि म्हणत, "आवडत्या राणीला जरा जास्तच माज हाय. चल, चाय टाक."

मागच्या वर्षी त्यांच्या मुलानं, मुदस्सिरनं, मदिनत अश शमालला नळ-पाइपांचं दुकान काढलं आणि भाभी त्याच्याबरोबर उत्तरेला गेल्या. तेव्हा ईश्वरीनं आईला साइट करून दिली. पूजा झाली की नीता कहाणी फोनवर रेकॉर्ड करायची, साइटवर चढवायची आणि लिंक भाभींना पाठवायची. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर यायचं. "ऐकली गो."

पण हुंकार? रेकॉर्ड करताना नीता प्रत्येक वाक्यानंतर सवयीनं थांबायची आणि त्या थांबण्यात एसीची घरघर तेवढी भरायची. या श्रावणात ते तिला सोसेना. म्हणून व्हिडिओ बघून बघून तिनं स्वतःच तो मोजणीचा कोड साइटवर बसवला होता. रोज दोनचा आकडा दिसला की तिला बरं वाटे. एक सांगणारी, एक ऐकणारी.

दुसऱ्या दिवशी आकडा शून्य होता.

भाभींचा निरोप मात्र नेहमीसारखा आला. "ऐकली गो. छान सांगितलंस."

नीतानं आकड्याचं पान पुन्हा उघडलं. शून्य. भाजी फोडणीला टाकून पाहिलं, कपडे वाळत घालता घालता पाहिलं. जपाला बसली, तर माळ बोटांत फिरत होती आणि मन त्या पानावर होतं. मेरुमणी ओलांडला गेला तेव्हा ती दचकली. अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. आमटीत मीठ दोनदा पडलं. संध्याकाळी तिनं भाभींना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. हल्ली उचलतच नसत. मागाहून त्यांचा आवाजी निरोप येई, तसाच आजही आला. "इकडं रेंज नाय गो. तू लिहीत जा."

"लोक पोलाइट असतात, आई," ईश्वरी जेवताना म्हणाली. "लिंक कुणी उघडत नाही. पण नाइस म्हणतात. आमच्या क्लायंटचं पण सेम."

"भाभी क्लायंट नाहीत."

"पण त्या खोटं का बोलतील?" राजाभाऊंनी आमटी बाजूला सारली. "आणि काय गं, तू कहाणी सांगतेस की राखण करतेस?"

नीताला ते लागलं, कारण ते खरं होतं. आयुष्यभर जिच्यावर शंका घेतली नाही, तिच्या दाराशी आपण पहारा बसवला. आणि पहारेकऱ्यानं काय सांगितलं? तुझी मैत्रीण खोटं बोलते. भाभींना कंटाळा आला असेल का? मुदस्सिरला आवडत नसेल? की इतकी वर्षं त्या नुसत्या शेजारधर्म म्हणून बसत होत्या? एकदा शंका आली की मागचा प्रत्येक हुंकार पोकळ वाटायला लागला.

शुक्रवारी पूजा आटोपताच ती म्हणाली, "अहो, मला शमालला सोडता?"

"आत्ता? कहाणी रेकॉर्ड केलीस?"

"नाही."

राजाभाऊंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि किल्ली उचलली.

हायवेवर दोन्हीकडे वाळू पांढरी झाली होती. सारा रस्ता नीता पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. भांडायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. फक्त विचारायचं. पण काय विचारायचं, ते अल खोर मागं पडलं तरी सुचलं नव्हतं.

राजाभाऊ खाली गाडीतच थांबले. दार भाभींच्या सुनेनं, रुकैयानं उघडलं.

"नीताआंटी! कळवलं पण नाही! या ना. अम्मी आत आहेत. पण आत्ता हाक मारू नका हां, रागावतात."

"नमाज चाललीय?"

"नाही, वेळ आहे अजून. तुमची कहाणी चाललीय."

आतल्या खोलीत जैतूनभाभी खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. डोक्यावर ओढणी. फोन शेजारच्या स्टुलावर पालथा पडला होता. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मग भाभींची मान हळूच हलली.

"हुं."

थोडी शांतता. पुन्हा, "हुं."

उजवी मूठ मांडीवर मिटलेली होती.

"भाभी," नीतानं न राहवून हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "भाभी!"

त्या वळल्या नाहीत.

रुकैयानं तिचा दंड धरला. "रमजानपासून कान गेलेत, आंटी. मशीन आणलं, पण ते शिटी मारतं, म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलंय. तुम्हाला सांगायचं नाही अशी आम्हाला शपथ घातली. म्हणाल्या, नीताला कळलं तर तिचा वसा मोडेल. ऐकणारीच बहिरी म्हटल्यावर!"

"पण मग रोज..."

"तुमची लिंक आली की बसतात. उघडत नाहीत. म्हणतात, मला सगळी पाठ आहे, ती कुठं थांबते ते पण पाठ आहे."

नीता खुर्चीला वळसा घालून गेली आणि भाभींसमोर गालिच्यावर बसली. भाभी दचकल्या. क्षणभर त्यांच्या तोंडावर चोरी पकडल्यासारखा भाव आला. मग त्यांनी रुकैयाकडे असं पाहिलं की ती बिचारी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाली.

"उनातना आलंस?" भाभी गरजेपेक्षा फार मोठ्यानं म्हणाल्या. "फोन तरी करायचास!"

"केला असता तर उचलला असता?" नीता म्हणाली.

भाभींनी तिच्या ओठांकडे पाहिलं. कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी मूठ उघडली. तळहाताला घामानं तांदळाचे दाणे चिकटले होते. कोरे.

"आज जुम्मा हाय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारची रव्हली ना तुझी? लिंक नाय आली. मी आपली सुरू केली."

नीतानं पर्समधल्या पुडीतून अक्षता काढून मुठीत घेतल्या, चेहरा वर केला आणि सावकाश, प्रत्येक शब्दाला ओठ पुरते हलवत, शुक्रवारची कहाणी पहिल्यापासून सुरू केली. भाभी पुढं झुकल्या. त्यांचे डोळे नीताच्या तोंडावरून हलत नव्हते.

"हुं."

कहाणी अर्ध्यावर आली होती, तेव्हा खाली राजाभाऊंनी हॉर्न दिला. नीता वाक्याच्या मध्येच थबकली. जैतूनभाभींना हॉर्न ऐकू आला नाही आणि वाक्य अर्धंच राहिलंय हेही कळलं नाही. नेहमीच्या ठिकाणी मान हलवून त्यांनी हुंकार दिला.

नीतानं तो पुरता होऊ दिला. मग उरलेलं वाक्य सांगितलं.