आईपासून हातभर लांब

केशोरी गावच्या बकारामची मुलगी भागरता सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. अंगणात बसून चिंचोक्यांच्या रांगा लावायची. एक चिंचोका सरकला की सगळी रांग मोडून पहिल्यापासून. हाक मारली तर मान वळवत नसे. आणि दिवसातून तीन-चारदा कानांवर हात दाबून किंचाळायची, खांबावर डोकं आपटायची. तिची आई रुख्मा धावत जाऊन तिला धरू बघे, तशी ती आणखीच किंचाळे.

"बाहेरची बाधा हाय," शेजारणी म्हणाल्या. अंगारा झाला, ताईत झाला. १९५३च्या उन्हाळ्यात एका मांत्रिकाने घुंगरू वाजवून तिला झाडलं, तेव्हा पोर किंचाळून किंचाळून ओकली. बकारामने हात जोडले. "पुरे झालं महाराज. आता कोनाले आनत नाही."

रुख्माच्या मनाला लागलेलं वेगळंच होतं. भागरता आजीजवळ बसायची. शकुंतलाबाई तांदूळ पाखडत असली की तिच्या मांडीला टेकून राहायची. रुख्मा शेजारी आली की उठून हातभर लांब सरकायची. सासू म्हणे, "लेकराले मानूस समजते व." रुख्मा ते गिळून टाकी.

पण मांत्रिक गेल्यापासून ती पोरीवर नजर ठेवू लागली. लिहिता येत नव्हतं. पोर किंचाळली की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ, आणि बाजूला त्या वेळी काय चाललं होतं त्याचं चित्र. महिन्याभरात भिंत भरली. मुसळ सगळ्यात जास्त वेळा निघालं. म्हणजे कांडण्याचा आवाज? पण सासू कांडायला बसली की एकही रेघ नसे.

भाताचं रोवणं लागलं. रुख्मा चिखलात वाकलेली, भागरता शेताच्या धुऱ्यावर बसलेली. रुख्मा अगदी तिच्याजवळ रोवत होती, तरी पोर गप्प. सकाळभर एकदाही किंचाळली नाही. दुपारी रुख्माने पाण्यात हात खळखळून धुतले आणि सुटलेला अंबाडा बांधायला वर केले. काचेच्या बांगड्या कोपराकडे घसरल्या. भागरताचे हात लगेच कानांवर गेले.

रुख्मा तशीच थांबली. मग जपून एकच मनगट हलवलं. पोर मागे सरकली.

सकाळभर बांगड्या चिखलाने जाम झाल्या होत्या. आणि सासू विधवा, तिच्या हातात बांगडीच नव्हती.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. बकाराम म्हणाला, "मंग काढून टाक."

"तुमी जित्ते असताना? काई बोलता जी!"

तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या आवळून बांधल्या.

शकुंतलाबाईने पाहिलं. "हाताले लागलं का व?"

"नाही माय. बांगड्या वाजल्या का पोरीले सोसत नाही." रुख्माने भिंत दाखवली, सगळं सांगितलं.

म्हातारीने भिंतीकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटांकडे.

"म्हंजे माह्या रिकाम्या हातापायी येऊन राहिली होती थे माह्याजवळ?"

"तुमच्यापायीच कळलं मले, माय," रुख्मा म्हणाली.

शकुंतलाबाईने सुनेचा उजवा हात ओढून घेतला, सैल बसलेली गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट मारली.

भागरताला वाचा आली नाही. बाजारात बायका रुख्माच्या हातांकडे बघून हसत. घरात भांडं पडलं, पोळ्याचे ढोल वाजले की पोर अजूनही किंचाळे. पोळ्याच्या दिवशी बकाराम तिला खांद्यावर घेऊन लांब भाताच्या बांधीकडे निघून जाई.

पण रोवणं संपायच्या आत एका संध्याकाळी रुख्मा ओसरीत तांदूळ निवडत होती. भागरता आली, थोडी उभी राहिली, आणि आईच्या दंडाला पाठ टेकून खाली बसली. रुख्मा हलली नाही. आतून भात लागल्याचा वास येऊ लागला, तरी हलली नाही. बकारामने दोघींकडे पाहिलं आणि हळूच आत जाऊन चुलीवरचा भाताचा गंज उतरवून ठेवला.