मिरचीची पांढरी मुळं

"हात झडतील तुझे, ताई! लेकरासारखी वाढवली होती गं मी!"

धाकटी अंगणाच्या मधोमध उभी राहून किंचाळली. समोर धुणं पिळणाऱ्या थोरलीच्या हातातली चादर अर्धी पिळलेली तशीच राहिली. दोघी जावा, सख्ख्या भावांच्या बायका. घर एक, चुली दोन, अंगण एक. त्या अंगणाच्या कडेनं धाकटीनं मिरच्या लावल्या होत्या. पत्र्याचे डबे, फुटके माठ, कापलेली खताची पोती, जे हाताला लागेल त्यात. वर्षाचं तिखट त्यातनंच निघायचं, थोरलीच्या चुलीचंसुद्धा. आणि आज बघावं तर एकेका झाडाचा शेंडा पिरगळलेला, कुणी मान मुरगळावी तसा.

"मी काय केलं?" थोरलीनं विचारलं.

"कढत पाणी ओतत होतीस ना इथं? या डोळ्यांनी पाहिलं मी."

"मोरीच्या तोंडाशी ओतलं. मुंग्या झाल्या होत्या."

"म्हणे मुंग्या! तुझ्या कोंबड्या रोपं उकरतात म्हणून बोलले, ते तुला झोंबलं. त्याचा हा सूड."

"सूड घ्यायला फुरसत लागते बाई. ती तुझ्याकडं, माझ्याकडं नाही."

"विषारी आहेस तू! पोटात विष घेऊन फिरतेस!"

हे चार घरांना ऐकू जाईल येवढ्या मोठ्यानं. थोरलीनं चादर बादलीत टाकली, आत गेली आणि दार लावून घेतलं. धाकटीची दोन्ही बाळंतपणं जिनं काढली, तिनं. त्या घराचं दार दिवसाउजेडी कधी लागलं नव्हतं.

संध्याकाळी दोघे भाऊ ओट्यावर बसले. एरवी एक आंबट म्हणाला की दुसरा गोड म्हणायचा. पण त्या दिवशी दोघांचं एकमत झालं. रोजची कटकट नको, अंगणात भिंत घालू. दुसऱ्या दिवशी उजाडताच विटांची गाडी दारात रिकामी झाली, गवंडी दोरी लावून मोकळा झाला. गाव म्हणालं, बायकांनी घर फोडलं. गावाला तेवढंच म्हणता येतं. घर फुटलं की बाईचं नाव घ्यायचं, पोर बिघडलं की बाईचं घ्यायचं. पुरुष बिचारे नेहमीच बाहेरगावी गेलेले असतात!

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत वर चढत होती आणि धाकटी मिरच्यांत बसून होती. राग होता, पण झाडं वाचवायचीही होती. हातातलं काम तिला कधी रडत बसू द्यायचं नाही.

तिनं झाडाखाली पांढरं फडकं धरलं आणि शेंडा झटकला. फुलकिडे असते तर बारीक पिवळी कुसळं फडक्यावर चालताना दिसली असती. एक नाही. पान उलटं करून बघितलं. कोळी नाही, जाळं नाही, पांढरी माशीही उडाली नाही. शिवाय फुलकिड्यांनी पान वर वळतं, होडीसारखं. कोळ्यानं खाली वळतं, पालथ्या पळीसारखं. हे पान असं नाही, तसंही नाही. लांबुडकं, नाडीसारखं बारीक, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, देठाला पीळ पडलेला. असला रोग तिनं बघितला नव्हता.

"पाणी जास्त झालं असेल," विटा भिजवता भिजवता गवंडी म्हणाला.

"जास्त झालं असतं तर पानं पिवळी पडली असती, दादा. बोट खुपसून बघा, माती कशी आहे. ओली आहे, पण चिखल नाही."

"मग कमी झालं असेल."

"तुम्ही भिंत बांधा."

शेवटी मन घट्ट करून तिनं एक झाड मुळासकट उपटलं. माती झटकली आणि तशीच बसून राहिली. मुळं पांढरीशुभ्र होती. टवटवीत, केसाळ, एकही काळी नाही की मऊ नाही. कढत पाण्यानं मुळं शिजली असती, हातात घेताच साल सुटून आली असती. मार मुळाला नव्हताच. मार वरून बसला होता.

तिनं ओळीवरून नजर फिरवली. कोपऱ्यातलं एकच रोप सरळ होतं. सगळ्यांत लहान, हिरवंगार. आठवड्यापूर्वी एका सकाळी कोंबड्या सोडताना थोरलीनंच त्याच्यावर फुटकी बादली पालथी घातली होती आणि सांजेला काढली होती. आणि त्याच दुपारी धाकटीच्या नवऱ्यानं कीड लागू नये म्हणून सगळ्या ओळीवर औषध मारलं होतं.

धाकटी उठली. गोठ्यात खुंटीला फवारणीचा पंप टांगला होता. झाकण उघडून नाक लावलं. किडीच्या औषधाचा वास तिच्या ओळखीचा होता. हा त्याचा नव्हता. हा बांधावरच्या तणावर मारायच्या औषधाचा वास होता.

नवरा बैलाला पेंड घालत होता.

"अहो, मिरचीला मारायच्या आधी हा पंप कशाला वापरला होता?"

"बांधावर. गवत जाळायला."

"मग धुतला?"

"विसळला की."

"कितीदा?"

"एकदा. पंपाला काय अभ्यंगस्नान घालू?" तो हसला. तिचा चेहरा बघून हसणं आवरलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

तो पेंड चाळवत राहिला.

"मी तुम्हाला विचारतेय. मी ताईला अंगणात विषारी म्हणत होते, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून दात कोरत होतात. तेव्हा ठाऊक होतं?"

"पानं वळली तेव्हा आलं ध्यानात," तो म्हणाला. "पण झालं ते झालं. भिंत तर होणारच होती."

"होणारच होती म्हणजे?"

त्याला बोलायची गरजही नव्हती. भट्टीवाल्याकडं आज सांगितलं की विटा पुढच्या आठवड्यात येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. या विटा झाडं मरायच्या आधीच सांगितलेल्या होत्या. दोघा भावांना वेगळं व्हायचं होतं. फक्त तोंडानं म्हणायला लाज वाटत होती. ती लाज त्यांनी दोघी बायकांच्या पदरात टाकली आणि वर माना हलवत बसले.

धाकटी पंप घेऊन अंगणात आली. भिंत छातीएवढी झाली होती, मध्ये दोन माणसं बसतील येवढी फट राहिली होती. तिनं पंप विटांवर आपटला.

"ऐका सगळ्यांनी! मिरच्या माझ्या नवऱ्यानं मारल्या! तणाचं औषध मारून मारल्या! ताईनं काही केलं नाही!"

शेजारच्या घरांतनं डोकी बाहेर आली. थोरलीचं दार उघडलं.

"हळू की जरा," ओट्यावरनं थोरला दीर म्हणाला. "चार लोक ऐकतात."

"म्हणून तर ओरडतेय, भाऊजी. परवाही चार लोकांनीच ऐकलं होतं. ताई, चुकलं माझं."

थोरली उंबऱ्यात उभी होती. "झाडांचं काय आता?"

"किडीला औषध आहे. याला नाही. उपटून टाकायची. यांचं फळ तोंडात घालायचं नाही, बीही धरायचं नाही. एक रोप तेवढं राहिलंय. तू बादली घातलेलं."

"आणि मला म्हणालीस त्याला औषध आहे?"

धाकटीनं पंप विटांवरनं उचलून खाली ठेवला.

"बरं, आता तमाशा पुरे," दीर म्हणाला. "विटा आल्यात, सिमेंटचा माल कालवलाय. गवंडीदादा, फट बुजवा."

थोरली पायऱ्या उतरली. सरळ चालत आली आणि त्या फटीत मांडी घालून बसली.

"बुजव," ती गवंड्याला म्हणाली.

"काकी, अहो..."

"बुजव म्हणते ना. वीट डोक्यावर ठेव माझ्या."

धाकटी गेली आणि तिच्या शेजारी टेकली.

"तुझ्याशी मी बोलत नाही," थोरली समोर बघत म्हणाली.

"नको बोलूस."

"अंगाला अंग लावू नको."

"जागाच नाही, ताई."

"मग सरकून बस."

"उठ गं," नवरा गोठ्यातनं ओरडला. "उठा दोघी, शोभतं का हे?" दीर म्हणाला. कुणी उठलं नाही. गवंडी या भावाकडं बघायचा, त्या भावाकडं बघायचा. शेवटी तो उकिडवा बसला आणि विडी शिलगावली.

"मालक, माल आवळतोय," त्यानं दोनदा सांगितलं.

ऊन माथ्यावर आलं. घमेल्यातला माल कडेनं पांढरा पडला, मग आतून. विडी संपल्यावर गवंड्यानं थापी त्यात खुपसली. ती आत गेली नाही.