चोरखिशातल्या बारा कॅसेटी

सुज्ञ वाचकहो, एका धाकट्या भावाने आपल्या वडील बहिणीचा आवाज स्वतःच्याच हातांनी कसा हरवला आणि तो कोठे सापडला, याचा वृत्तांत येथे यथामती सादर करण्यात येत आहे. विषय संगणकाचा आहे. तथापि ज्यांना संगणक अवगत नाही त्यांनी भिऊ नये, कारण कथानायकासही तो अवगत नव्हता.

मनीषनगरात राहणारे नागसेन रामटेके हे छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तरुणपणी पारशिवनीच्या गायन पार्टीत ते ढोलकी वाजवीत आणि त्यांची थोरली बहीण सिंधूताई गात असे. सिंधूताईंचा आवाज असा खणखणीत की, भोंगा मध्येच बंद पडला तरी शेवटच्या रांगेतील म्हातारीची मान डोलायची थांबत नसे. पार्टीचे पेटीवादक विश्वनाथ प्रत्येक कार्यक्रम टेपरेकॉर्डरवर भरून ठेवीत. एकदा एका गावच्या पत्रकावर पुरुषांची नावे मोठ्या अक्षरांत छापली गेली आणि सिंधूताई 'व इतर' या दोन शब्दांत बुडाल्या. त्या दिवसापासून विश्वनाथांनी रीत घातली, की कॅसेटीवर प्रथम गाणारीचे नाव, पुढे दोन टिंबे, आणि मग गाव. 'सिंधूताई: पारशिवनी', 'सिंधूताई: मनसर', याप्रमाणे बारा कॅसेटी जमल्या. कालांतराने विश्वनाथ गेले, पार्टी मोडली, कॅसेटी मात्र नागसेनांच्या कपाटात राहिल्या.

गतवर्षी सिंधूताईंच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, परंतु वाणी कायमची गेली. त्या आता पाटीवर लिहून बोलतात. नागसेन भेटीस गेले असता त्यांनी लिहिले, "मले माझा आवाज एकदा आयकू दे." भावाने शब्द दिला. रविवारी ताईंनी मनीषनगरास यावयाचे ठरले.

नागसेनांनी एक जुना संगणक आणि त्याहून जुने असे आवाज भरून घेण्याचे सॉफ्टवेअर मिळविले व टेपरेकॉर्डरची वायर त्यास जोडली. पहिल्या कॅसेटीवर विश्वनाथांनी, गाव नक्की आठवत नसल्यामुळे, 'सिंधूताई: कन्हान?' असे लिहिले होते. नागसेनांनी तेच नाव टंकित करताच यंत्राने 'नावात अवैध चिन्ह आहे' अशी तक्रार केली. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडले. यंत्र निमूट राहिले. यावरून, चूक झाल्यास हे यंत्र आपणहून सांगते, अशी त्यांची खात्री पटली. पुढील अकरा नावे त्यांनी विश्वनाथांच्या रीतीबरहुकूम घातली.

इकडे कॅसेटींची अवस्था अशी, की वर्षानुवर्षांच्या ओलीने फिती चिकटल्या होत्या. प्रत्येक फीत एकवार वाजली आणि गुंतून तुटली. नागसेनांनी तिचे दुःख मानले नाही. आवाज आत गेला, आता टरफलाचे काय? संगणकात बारांच्या जागी एकच फाईल दिसत होती आणि तिचे नाव होते 'सिंधूताई'. त्यांना वाटले, यंत्राने ताईंच्या नावे बारांचे एक गाठोडेच बांधले. गाठोडे पेन ड्राइव्हवर उतरविताना यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारले. नागसेनांनी 'होय' दाबले.

शुक्रवारी पेन ड्राइव्ह स्पीकरला लावला, तर चकार शब्द नाही. ते तडक धरमपेठेत करिष्मा वाघाडे हिच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानी गेले.

"काका, यात काहीच नाही. एक फाईल आहे, तेही शून्य."

"शून्य कशी असन वं? बारा कॅसेटी भरल्या मी! नीट पाह्य."

"पाहूनच राहिली ना. डब्यावर नाव आहे, आत भाजी नाही, असं झालं हे. कॅसेटी आणा, पुन्हा भरू."

"कॅसेटी तुटल्या."

"सगळ्या? काहून तोडल्या?"

"मी काहून तोडू, पोरी? त्या तुटल्या!" एवढे बोलून नागसेन स्टुलावर मटकन बसले. ताईंचा गळा डॉक्टरांनी काढला तो नाइलाजाने. उरलेला आपण काढला, हा विचार त्यांच्या काळजाला झोंबला.

करिष्मा जरा नरमली. "रडू नका, काका. संगणकच उचलून आणा. त्यात काही सांडलं-लवंडलं असन तर पाहू."

शनिवारी नागसेन संगणक मांडीवर घेऊन ऑटोने आले. वाटेतील प्रत्येक खड्ड्याला ते ऑटोवाल्यावर असे खेकसले, की त्याने विचारले, "काका, अंडे घेऊन चालले का?"

करिष्माने बराच वेळ पाहिले. "फाईल शून्य दाखवते, पण जागा तर भरून राहिली. वजन आहे, वस्तू नाही! काका, नाव कसं टाकलं होतं? जसंच्या तसं सांगा."

"सिंधूताई, दोन टिंबं, पारशिवनी."

"दोन टिंबं?" करिष्माने कपाळावर हात मारला आणि ती खदखदून हसू लागली. "काका, नावात दोन टिंबं चालत नाहीत. नव्या सॉफ्टवेअरनं तुम्हाले तिथंच अडवलं असतं. हे म्हातारं अडवत नाही. टिंबांच्या आधीचं नाव वर दिसते, अन् पुढचं सगळं आतल्या चोरखिशात जाते. तुम्ही एकाच सदऱ्याले बारा चोरखिसे शिवले! पेन ड्राइव्हवर चोरखिसे जात नाहीत, नुसता सदरा गेला."

"म्हणजे ताई आहे?"

"थांबा ना, खिसे उलटे करू द्या."

तिने काळ्या पडद्यावर काहीतरी टंकित केले. एकाखाली एक बारा गावे उमटली. तिने त्यांतले पारशिवनी वेगळे काढून वाजविले. आधी घरघर झाली, कोणी खाकरले, पेटीचा भाता सुटला, आणि सिंधूताईंनी अशी वरची पट्टी लावली की चार्जरसाठी घासाघीस करणारे गिऱ्हाईक बोलायचे थांबले. नागसेनांस पारशिवनीचा मांडव दिसला. गुलाल, कंदील, पांढऱ्या लुगड्यातील ताई, आणि मान हलवून ठेका धरणारे विश्वनाथ. त्यांची बोटे काउंटरवर आपोआप चालू लागली.

"टिंबांच्या जागी आडवी रेघ टाकते हं," करिष्मा म्हणाली.

"नाव तर पहिलेच राहीन ना?"

"पहिलेच, काका. कोणाची हिंमत आहे?"

रविवारी सिंधूताई आल्या. भावाने स्पीकर लावला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, ओठ मुक्याने चालत होते. दुसरे गाणे संपताच त्यांनी पाटी ओढली व लिहिले, "एवढ्या जोरानं गात होती मी?"

"गावाबाहेर आयकू जाये, ताई."

त्यांनी पुसून पुन्हा लिहिले, "अन् तू ढोलकी पळवून राहिला. मले श्वास घ्यायले जागा नाही."

"आता चाळीस वर्षांनी सांगतं का वं?"

सिंधूताई आवाजावाचून हसल्या. खांदे गदगदा हलले आणि डोळ्यांना पदर लागला. मग त्यांनी बोटानेच खूण केली, की पुढचे लाव. दिवेलागणीपर्यंत बाराही गावे ऐकून झाली. चहा दोनदा गार झाला. ताई म्हणतील तेव्हाच उठायचे, असे ठरवून नागसेन त्यांच्या पायांशी बसून राहिले.

हे कथन आपण शांतपणे वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. लेखनात काही न्यून राहिले असल्यास ते माझ्या अल्प शिक्षणाचे समजावे.

आपला नम्र,
मारोतराव ढोके, पारशिवनी