आबांचा जाळ

"हात थांबवलास तर दोदोल खाली लागेल! मग आईला काय, कोळसा खाऊ घालणार?" आबा ओरडले.

"कोळसा तुमच्या खात्यात, आबा! मी फक्त नारळाचं दूध आणि गूळ बघते."

शेजारचे रजबकाका हसून हसून खोकले.

अंगणातल्या अगडबंब कढईत दोदोलचा चिकट हलवा रटरटत होता. सकाळपासून ढवळत राहायचं, जाळ जरासुद्धा मंदावू द्यायचा नाही. गावात कुणाकडेही दोदोल असलं की चुलीपाशी आबाच बसतात. जन्मभर वीजकेंद्रातला बॉयलर सांभाळलाय त्यांनी, जाळ त्यांचं ऐकतो!

उद्या ते कोळशाचं केंद्र बंद होणार होतं. शेवटची भट्टी खुद्द आबा विझवणार, आणि परवा आई घरी! केंद्राच्या धुरानं तिचा दमा इतका बळावला, की डॉक्टरांनी तिला दूर समुद्रकाठी, मर्सिंगला मावशीकडे धाडलं होतं. तेव्हापासून आई म्हणजे फोनमधला चेहरा. मला कुठला धीर? तिची पांढरी चादर मी आजच धुऊन बाहेर वाळत घातली.

तेवढ्यात केंद्राचे नियोजन अधिकारी फरहानसाहेब मोटारीतून उतरले. मागे एकदा ते आमच्याकडे चहाला पाहुणे घेऊन आले होते. पामच्या मळ्यावर नवं डेटा सेंटर उभं राहतंय ना, त्याची माणसं. तेव्हा आबांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "माझा बॉयलर? अजून वीस वर्षं हलत नाही! लेकीसारखा वाढवलाय." मी दिवसभर रुसले होते, लेक मी की तो?

आज साहेबांनी चहासुद्धा नको म्हटलं, थेट आबांपाशी आले.

"कामारुलभाई, भट्टी विझवायची नाही."

"म्हणजे?"

"डेटा सेंटरला रात्रंदिवस वीज लागते. सूर्य रात्री झोपतो, तेवढ्या बॅटऱ्या परवडत नाहीत, गॅसची वाहिनी कधी येईल अल्लाच जाणे. सगळं तपासून झालं. मग डेटा सेंटरवाले म्हणाले, बॉयलर धडधाकट आहे, तर तोच चालवू."

"धडधाकट? कुठल्या गाढवानं सांगितलं?" रजबकाका उसळले.

साहेब जमिनीकडे बघू लागले.

"मी," आबा म्हणाले.

"पण किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही, बाळ. वीस वर्षांचा करार झालाय."

माझा हात थांबला. करपल्याचा वास सुटला. आबा ओरडले नाहीत.

साहेब गेल्यावर त्यांनी वरवरचं, न लागलेलं दोदोल केळीच्या पानात बांधलं. "मर्सिंगच्या बसनं पाठव," म्हणाले, "आणि तिला सांग..." गणवेश चढवून ते पाळीवर गेले.

मी चादर काढायला गेले. तिच्यावर मोहरीएवढे काळे ठिपके पडले होते. झटकले, तर पसरले. मग तशीच घडी घातली आणि कपाटात अगदी मागे, आईच्या कपड्यांखाली ठेवून दिली.