बांबू कोणी रोवला

आमची वस्ती नायजर नदीतल्या एका उंचवट्यावर आहे. पाणी चढलं की बेट होतं, उतरलं की चिखल तुडवत गाढवंही येतात. जुनी वस्ती वरच्या अंगाला होती, ती एका पुरात नदीनं गिळली. त्या पुरात माझ्या वडिलांनी, सूमायला कोंताओंनी, हा उंचवटा शोधला आणि होडी ढकलायचा बांबू इथे रोवला. मी होडीत होते. लहान होते, पण आंधळी नव्हते.

आम्हा बोझो लोकांत ज्याचा पहिला बांबू, त्याचं पाणी. खालच्या डोहात एरवी मासेमारी बंद; दरवर्षी तो त्याच घरानं उघडायचा, पहिलं जाळं त्यांचं.

बकारी तिएन्ता आमच्याच होडीतून आला. त्याची होडी फुटली होती, म्हणून वडिलांनीच त्याला आपल्या होडीत ओढून घेतलं. वडील पुढे तापानं गेले आणि बकारी आयत्या बिळावर नागोबा झाला. बांबू मीच रोवला, म्हणू लागला. विधवेचं कोण ऐकणार? माझी आई जन्मभर त्याच्या अंगणात त्याचे मासे धुरावर वाळवत बसली आणि तिथेच खोकून मेली.

आता बकारीचा मुलगा बामोय पाण्याचा धनी आहे. डोह उघडायच्या दिवशी तो काठावर उभा राहून वस्तीची हकिकत सांगतो आणि दरवर्षी माझ्या बापाला तिच्यातून वगळतो. म्हातारी माणसं मान खाली घालून ऐकतात, कारण कोणी कुठे जाळं लावायचं ते बामोय ठरवतो. मला न्यायबिय नको होता. मला त्याची मान खाली गेलेली बघायची होती.

ओगोबारा डोगोन जमातीचा आहे. कड्यावरच्या गावातून कांदे घेऊन येतो आणि माझ्या घरी उतरतो. डोगोन आणि बोझो वाडवडिलांपासून थट्टेचे सोयरे. त्यानं वाटेल ते बोलावं, आम्ही हसावं. रागावणं हलकटपणा, आणि त्याच्यावर हात उगारला तर तो माफ करेपर्यंत कोणी नदीला शिवायचं नाही.

यंदा जेवताना मी त्याला सगळं सांगितलं.

"मासेखाऊ बाई," तो म्हणाला, "इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस? म्हणून तुझ्या रश्श्याला चव नाही."

"तू फक्त थट्टा कर, कांदेखाऊ. बाकीचं बामोय करील."

डोह उघडायला सगळी वस्ती जाळी घेऊन जमली. बामोय नवा झगा घालून पुढे आला. "माझ्या बापानं इथे बांबू रोवला..."

"तुझ्या बापानं?" ओगोबारा मागून ओरडला. "अरे गुलामा, तुझा बाप कोंताओच्या होडीत शेळीच्या गळ्यात पडून रडत होता. शेळीला वाटलं, नवरा मिळाला."

लोक हसले. बामोयही हसला, हसावंच लागतं.

"आणि उतरल्या उतरल्या म्हणतो, हे सगळं माझंच. आमच्याकडे कुत्रंसुद्धा आधी शेपूट हलवतं रे."

हसता हसता, त्याच होडीतून आलेल्या म्हाताऱ्या करबेन्ताच्या तोंडून निघून गेलं, "पांढरी शेळी होती ती."

हसू थांबलं. एक म्हातारी म्हणाली, "हो, पांढरीच." मग सगळे बामोयकडे बघू लागले, आणि त्यानं ओगोबाराच्या मुस्काटात मारली.

करबेन्तानं बामोयच्या हातातलं जाळं काढून घेतलं. आता डोह उघडणार नव्हता. उपाशी लोक बामोयकडे असे बघत होते की माझ्या जिवाला गार वाटलं. त्यानं ओगोबाराचे पाय धरले.

"माफ करतो," ओगोबारा गाल चोळत म्हणाला. "आधी हकिकत नीट सांग. ह्या बाईचं समाधान होईपर्यंत."

बामोय माझ्याकडे न बघता पुटपुटला, "बांबू सूमायला कोंताओंनी रोवला. माझा बाप त्यांच्या होडीतून आला."

"मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही," मी म्हटलं.

तो ओरडून बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग तसूभरही उतरला नाही.

"आणि माझी आई? तुमच्या अंगणात खोकून मेली. तिचं नाव घे."

तो तिच्या हातचे मासे खाऊन मोठा झाला होता, पण नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं करबेन्ताकडे पाहिलं. करबेन्तानं खाली पाहिलं. त्या घरात तिला सगळे 'धुरवाली' म्हणायचे.

"तू तरी सांग," बामोय काकुळतीला आला. "ऊन चढलंय. लोक खोळंबलेत."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं आणि खाली बसले. "विचार एकेकाला. डोह कुठे पळून जात नाही."