क्लिफर्डची जागा

थॉर्नबेक टाउन फुटबॉल क्लबने शंभराहून जास्त वर्षांत सांगण्यासारखं काही जिंकलं नाही, आणि गावाने त्याचं कधी फारसं वाईटही वाटून घेतलं नाही. कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी हा क्लब काढला. ते मैदानात उतरले की समोरचे खेळाडू नाक मुरडायचे. मोठ्या लीगच्या खाली लहान लीग, तिच्या खाली आणखी लहान, आणि त्या उतरंडीच्या पार बुडाशी थॉर्नबेक. कारखाना बंद पडला तरी क्लब धुगधुगी धरून होता. आता मात्र मालकाने मैदान घरं बांधणाऱ्याला विकलं होतं. सोमवारी पत्रे ठोकून ते बंद होणार होतं. शनिवारचा शेवटचा सामनाही क्लब शिरस्त्याप्रमाणे हरला.

शिट्टी वाजली तशी माणसं चाकू-फावडी घेऊन मैदानात घुसली. आठवण म्हणून जो तो हिरवळीचा तुकडा कापून नेत होता. एनिड क्रॅबट्री पत्र्याची बादली घेऊन आली होती, पण तुकड्यासाठी नव्हे. ती नवऱ्याला न्यायला आली होती.

क्लिफर्ड क्रॅबट्री क्लबचा गोलरक्षक होता. एका वर्षी कपच्या सामन्यात मोठा पगारी संघ थॉर्नबेकला आला आणि क्लिफर्डने त्यांची पेनल्टी अडवली. पुढे त्याच सामन्यात त्याने पाच गोल खाल्ले, पण ते गावात कोणी बोलत नसे. फुप्फुसं निकामी होऊन तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा चर्चकडच्या गोलात, रेषेखाली पुरली. तेव्हापासून तिथून जाताना माणसं टोपी काढत. एनिड प्रत्येक सामन्यानंतर तिथे उभी राहून त्याला ऐकवायची, "आजही खाल्लीत माती."

आता तिने दफनभूमीत जागा घेतली होती. दगडावर दोघांची नावं कोरून तयार होती. सोमवारी पाद्री येऊन प्रार्थना म्हणणार होता, लेक गाडी घेऊन येणार होती.

"मी तिकडे एकटी पडून राहणार नाही," तिने क्लबचा अध्यक्ष नॉरिस हेग याला बजावलं होतं. "लग्नानंतर दर शनिवारी एकटीच होते. तेवढं पुरे झालं."

नॉरिस क्लिफर्डचा जुना दोस्त. तो फावडं घेऊन गोलात उभा राहिला.

"इथे खणू?"

"जरा मधे घे. तो मधेच उभा राहायचा खांबासारखा. म्हणून तर दोन्हीकडून गोल व्हायचे."

नॉरिस हसला. एनिडने काखेतला फोटो काढला. क्लबच्या भिंतीवरचा, पेनल्टी अडवतानाचा. नेमकी जागा दाखवावी म्हणून तिने तो समोर धरला आणि मान वर केली. फोटोत चर्चचा मनोरा गोलाच्या आडव्या दांडीच्या बरोबर मधोमध होता. समोर बघितलं तर तो पार डावीकडे, कोपऱ्यातल्या झेंड्याच्याही पलीकडे.

"नॉरिस, मनोरा सरकला का रे?"

"मनोरा कसा सरकेल? काहीतरीच तुझं," नॉरिस म्हणाला. मग त्याने फोटो बघितला, मान वर करून मनोरा बघितला.

सरकलं होतं मैदान. क्लिफर्ड गेल्यानंतर क्लबला आयुष्यात एकदा वरच्या लीगमध्ये बढती मिळाली, तर तिथले नियम आडवे आले. बसायला छप्पर हवं, मैदानाभोवती पक्की वाट हवी, पाहुण्या संघाच्या लोकांसाठी मुतारी हवी. एका बाजूला जागा नव्हती, म्हणून उन्हाळ्यात सगळ्या गावाने राबून अख्खं मैदान बाजूला सरकवलं. गोलाचे खांब उपटून नव्या जागी रोवले. पुढच्या शनिवारपासून माणसं नव्या गोलापाशी टोपी काढू लागली. कोणी कोणापासून काही लपवलं नव्हतं. गोल तिकडे गेला म्हणजे क्लिफर्डही गेला, असंच सगळे धरून चालले, आणि एनिडही त्यांच्यातलीच. वरच्या लीगमध्ये क्लब एक हंगाम टिकला.

फोटो समोर धरून एनिड डावीकडे चालू लागली. मनोरा हळूहळू फोटोतल्या जागी आला तेव्हा ती मुतारीच्या दारात उभी होती.

पाहुण्यांपैकी एक जण पँटची चेन ओढत बाहेर आला. "बाई, हे पुरुषांचं आहे."

"माझा नवरा आत आहे."

"असं होय? मग हाक मारू का त्याला?"

नॉरिसने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं.

एनिड आत गेली. वास डोळ्यांत चढत होता. काँक्रीट ओलं असताना राबणाऱ्यांनी काडीने त्यात आपापली नावं लिहिली होती, ती अजून दिसत होती. तिने त्या दिवशी क्लिफर्डचं नाव लिहिलं होतं. तो असता तर राबला असता म्हणून. ते पन्हाळीखाली होतं, पिवळं पडलेलं. त्या बढतीची तिला भयंकर चीड आली.

"फोडून काढू या," ती म्हणाली. "पहार आण."

नॉरिस दारातून हलला नाही. "खाली नुसता विटांचा चुरा आहे गं. पाइप टाकायला माती उपसली होती आम्ही. ट्रक भरून गेली."

"कुठे?"

नॉरिसने टोपी काढली. "कोणी विचारलंच नाही बघ."

तिला त्या उन्हाळ्यातला ट्रकवाला आठवला. सगळ्यांना चहा तीच देत होती. त्याने साखर कमी आहे म्हणून कप परत केला होता आणि तिने त्याला दुसरा करून दिला होता. मागे माती भरलेली, ट्रकचं इंजिन चालू.

ती बाहेर आली आणि तडक नव्या गोलात जाऊन उभी राहिली. "खण."

"अगं, पण इथे तो कधी..."

"खण म्हणते ना. परवा लेक येणार, पाद्री येणार. त्यांना कुठे नेऊन दाखवू? मुतारीत?" तिने बादली त्याच्यापुढे सरकवली. "आणि दफनभूमीत माझ्या शेजारी काय ठेवशील, रिकामा खड्डा? मेल्यावरही शनिवारच काढू मी?"

नॉरिस खाली मान घालून खणू लागला. नव्या गोलाची माती, पांढरी रेघ उमटलेलं गवत, सगळं त्याने बादलीत भरलं. नखाएवढा तरी राखेचा कण दिसतो का म्हणून ती ढेकूळ न् ढेकूळ बघत होती. मग तिने बघणं सोडलं.

"हा क्लिफर्ड," ती म्हणाली. "कोणी विचारलं तर हेच सांगायचं. दारू पिऊन बरळलास तर याद राख."

"नाही बोलणार."

बादली जड होती. फाटकापर्यंत नॉरिसने दोनदा हात पुढे करून बघितला, पण तिने ती त्याला धरू दिली नाही.