पंधरा दिवसांची धूळ

आमच्या मुलीला घरात सगळे खार म्हणतात, कारण हाताला लागेल ते ती गालात साठवते. बटण, पेन्सिलीचं टोक, एकदा तर माझं कानातलं. दीड वर्षाच्या मुलीचं या गोष्टीसाठी कौतुकच व्हायचं, तिच्या रक्तात शिसं सापडेपर्यंत.

इमारतीमागे पत्र्याची शेड आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवतात. आमच्या खिडकीचा कठडा सकाळी पुसला तरी संध्याकाळी त्यावर राखाडी थर असायचा. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या तपासणीत आकडा सांगितला, अठरा. किती असायला हवा, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "असायलाच नको." औषध काही दिलं नाही. कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसत राहा, एवढंच. तेव्हापासून मी दिवसातून तीनदा पुसायचे. नवरा म्हणायचा, तू त्या कठड्याचं एक दिवस भोक पाडशील.

इमारतीतल्या अकरा आयांनी मिळून शेडवर दावा लावला. कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण शिकलेली मी. तीन महिने मी रोजची धूळ बाटल्यांत भरून त्यावर तारीख लिहून ठेवली होती. वकीलबाईंनी एक बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. तुम्हीच भरलेली धूळ कोर्टात टिकत नाही, म्हणाल्या.

मग शेडवाल्यांचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की रहिवाशांची राहणीच गलिच्छ आहे, मुलं आजारी पडतात ती घरातल्या घाणीनं. मला इतका संताप आला की मी तो कागद जिन्यात सगळ्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवला. 'गलिच्छ' हा शब्द तर दोनदा वाचला. सासूबाईंनी पदर खोचला. तळमजल्यावरची शिवणवाली आपल्या दाराच्या चौकटीकडे बघत राहिली.

पुढच्या तारखेला कोर्टानं पाहणीचा आदेश दिला. अधिकारी येऊन तीन जागांवरची धूळ तपासणीसाठी नेणार होता: खिडक्यांचे कठडे, जिना आणि गच्ची. त्या दिवशी शेडची भट्टी बंद असणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. म्हणजे आमच्या हातात काय, तर साचलेली धूळ. वकीलबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस कशालाही फडकं लावू नका. आणि गाजावाजा नको."

गाजावाजा नको, हे मी जरा जास्तच मनावर घेतलं. शिवणवालीचा नवरा शेडमध्येच कामाला. तिला सांगितलं तर तिकडे कळेल आणि त्यांचीच माणसं येऊन सगळं धुऊन जातील, अशी माझी भीती. जिना आणि गच्ची तशीही कोणी धूत नव्हतं. म्हणून मी बायकांना फक्त तारीख सांगितली. सासूबाईंना म्हटलं, खिडकीचं माझं मी बघेन. "बघ हो," त्या म्हणाल्या, आणि आळशी सुनेकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

ते पंधरा दिवस मी मोजून काढले. थर जाड होत गेला. मी खारीला आतल्या खोलीत ठेवायचे, ती दारावर थापा मारत रडायची. नवव्या दिवशी मी डाळ उतरवून वळते तर ती स्टुलावर चढून खिडकीशी उभी. पंजा राखाडी, ओठ राखाडी, गाल फुगलेला. मी तिचं तोंड धुतलं, जीभ पुसली, नखं कापली. कठडा पुसला नाही. पाच बोटांचा ठसा तसाच ठेवला. आणखी सहाच दिवस, असं मी स्वतःला सांगितलं. ते सांगतानाचा माझा आवाज मला अजून आठवतो.

पाहणीच्या दिवशी सकाळी खारीची रक्ततपासणी होती. साडेदहाला परतले तर फाटकापासूनच फिनेलचा वास. जिना ओला होता. तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक पायरी घासलेली. शिवणवाली रिकाम्या बादल्या घेऊन गच्चीवरून उतरत होती.

आमच्या दारात सासूबाई उभ्या, बाह्या वर सारलेल्या, चेहरा लालबुंद. पहाटेपासून बाराजणी राबत होत्या म्हणे. "गलिच्छ म्हणतात काय," त्या म्हणाल्या. "येऊ दे आता. जमिनीवर जेवायला बसेल तो."

मी खिडकीकडे गेले. कठडा चकचकीत होता. पाच बोटांचा ठसाही गेला होता.

अधिकारी भला माणूस होता. त्यानं पांढरा कापसाचा तुकडा कठड्यावर फिरवला आणि तो जवळजवळ पांढराच उचलला. जिन्यात तेच, गच्चीवर तेच. मी म्हटलं, कपाटाच्या मागचं घ्या, पंख्याच्या पात्यांवरचं घ्या. शेडच्या वकिलानं नुसता घसा खाकरला. अधिकारी म्हणाला, "बाई, आदेशात तीनच जागा आहेत." जाताना त्यानं सासूबाईंना, घर छान ठेवलंय, असंही सांगितलं. त्या फुलून आल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे हात बाजूला लोंबकळत राहिले.

मी त्यांना सगळं सांगितलं, पंधरा दिवस उशिरा. त्या पाटावर बसल्यासारख्या ताठ बसल्या. मग म्हणाल्या, "मला एका शब्दानं बोलली असतीस, तर मीच काठी घेऊन खिडकीशी बसले असते."

 

चार दिवसांनी रक्ताचा आकडा आला. सत्तावीस. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. गेल्या पंधरा दिवसांत घरात काही बदल केला का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही तर फार काळजीपूर्वक पुसत होतात ना, असंही म्हणाल्या. मी खारीचं टोपडं सरळ करत राहिले.

काल वकीलबाईंचा फोन आला. अहवालात 'धूळ आढळली नाही' असं लिहिलंय. पुन्हा पाहणी मागता येईल, तारीख चार महिन्यांनंतरची मिळेल. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "त्याआधी पंधरा दिवस... तुम्हाला माहीतच आहे."

मी हो म्हटलं की नाही म्हटलं, खरंच आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा खार स्टुलावर होती, कठड्यावर बोटानं रेघ ओढत. पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी शेडची भट्टी पुन्हा पेटली होती. मी तिला उचलून सासूबाईंकडे दिलं आणि फडकं भिजवून कठडा कोपऱ्यापर्यंत पुसला. मग फडकं मोरीत पिळलं. काळं पाणी जाळीतून खाली गेलं, आणि मी नळ सोडून ते सगळं जाईपर्यंत बघत उभी राहिले.